खुटबावच्या पोरीची केस

यवतच्या सभेला तुम्ही नव्हता, म्हणून सांगतो. आमदार माईकवर म्हणाले, “कोचिंग क्लास बंद पडला, तरी पोरांनी फीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच! पण आमच्या पाठपुराव्यामुळं खुटबावच्या एका पोरीनं ग्राहक मंचात केस जिंकली!”

मी उठलोच. “साहेब, ती माझी पोरगी, सुनीता. तुमच्या हापिसात तीनदा आलती, दारावरच्या शिपायानं आत सोडलं न्हाई. मग अर्ज तिनंच लिहिला आन् केसबी तिनंच लढली.”

आमदारांनी विचारलं, “आता काय करती?”

“लोकांचे अर्ज लिहून देती. काल तुमचा तोच शिपाई आलता, त्याच्या पोराच्या फीचा अर्ज लिहून घ्यायला.”

“मग त्यालाबी तीन खेपा घालायला लावल्या असतील?”

“न्हाई साहेब. पहिल्याच खेपेला घरात घेतला, वर चहाबी पाजला.”