लिसीच्या पुस्तकातली मी

तुम्हाला सांगते, आमची ॲडम्सटाउनमधली शेजारीण लिसी एकच पुस्तक दोनदा लिहिते, आधी मल्याळममध्ये, मग इंग्रजीत. इंग्रजीतलं मी अडखळत का होईना, पूर्ण वाचलं. सगळे शेजारी त्यात होते, मीच नव्हते. मनाला लागलं हो. पुरणपोळ्या कुणाच्या खाल्ल्या हिनं?

परवा केरळहून तिची सासू आली. मला बघताच खुदकन हसली, उठून खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि अगदी माझ्यासारखी मान वाकडी करून बाहेर डोकावली. तिनं मल्याळम पुस्तक वाचलं होतं ना!

लिसी ओशाळली. "ताई, इंग्रजीत तुम्ही वाचाल म्हणून तुम्हाला काढलं."

म्हटलं, "परत घाल. आख्खं केरळ मला ओळखतंय आणि इथे कुणाला पत्ता नाही, हे काय बरोबर दिसतं?"