पेसमेकरची चिठ्ठी

स्टोअरचा माणूस डॉक्टरसमोरही स्टोअरचाच राहतो, हे मी बाबांकडे पाहून शिकलो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते तिथे स्टोअरमध्ये कारकून होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची नाडी मिनिटाला छत्तीसवर आली.

दुर्गचे डॉक्टर म्हणाले, "मुंबईत हल्ली एखाद्याला पेसमेकर बसवतात. इकडे सोय नाही, नागपूरलाही नाही. आणि या वयात एवढा प्रवास कशाला?"

"तसं लिहून द्या," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं, ‘वयोमानामुळे पेसमेकरची गरज नाही.’

बाबांनी चिठ्ठी परत सरकवली. "डॉक्टरसाहेब, माल नसला का आमी ‘शिल्लक नाही’ लिवत होतो. ‘गरज नाही’ लिवलं असतं, तर साहेबानं मले घरी बसवलं असतं."

"बाबा, चला ना आता," मी म्हणालो.

"थांब. ते लिहून राहिले."

डॉक्टर खरंच नवी चिठ्ठी लिहीत होते, ‘इथे उपलब्ध नाही.’

बाबांनी ती दोनदा वाचून माझ्या खिशात घातली. "मी गेल्यावर लोक म्हनतीन, वय झालं होतं. त्यायले हे दाखवजो."

तेराव्याला सगळे तेच म्हणाले. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी नुसती मान डोलावली.