ताईचं नुसतं पाणी

...आणि तो फोटोवाला मला म्हणतो कसा, ‘आई, तुम्ही जरा मागे सरका, ताईंना पुढे येऊ द्या.’ आई? कुणाची आई? अहो, जिला पुढे घेत होता ती माझी थोरली बहीण, मी पाळण्यात होते तेव्हा ती शाळेत जात होती! पण चेहरा बघाल तिचा तर... जाऊ दे. हज्जारदा विचारलं असेल मी, ताई, लावतेस तरी काय गं तोंडाला? तिचं आपलं मान वेळावून एकच, ‘काही नाही गं, नुसतं पाणी.’

नुसतं पाणी! आणि मी बावळट, सख्ख्या बहिणीचा शब्द म्हणून उठता पाणी, बसता पाणी, तोंडाची पार खारीक झाली. आमचे हे म्हणायचे, ‘अगं, सालं निघतील एक दिवस.’ मी म्हणायचे, तुम्ही नका बोलू, ताई माझ्याशी खोटं बोलायची नाही.

तर तुम्हाला सांगते, ताई शिवणकाम करते. काल माझं बटण तुटलं म्हणून गेले. ती गिऱ्हाइकाचं माप घेत होती, म्हणाली, ‘त्या डब्यातून घे.’ मग एकदम आठवलं असणार, ‘अगं थांब, मी देते,’ म्हणेपर्यंत माझा हात आत. बटणांखाली काय? क्रीमची डबी! अर्धी संपलेली!

तशीच उठले, समोरच्या औषधवाल्याकडे. म्हटलं, वाचा हो, काय काय घातलंय यात. तो म्हणतो, ‘हे ग्लिसरिल स्टिअरेट.’ विष आहे का हो? ‘छे, तेलापाण्याचं एकमेकांशी पटत नाही ना, हे दोघांना धरून ठेवतं. शिवाय कातडी मऊ राहते.’ घ्या! तेलापाण्याचं जमतं, आणि आम्ही एका आईच्या लेकी...

परत येऊन डबी आपटली तिच्या पुढ्यात. म्हटलं, हे तुझं नुसतं पाणी? रडू फुटलं हो मला. ताईनं शांतपणे चष्मा लावला, डबी फिरवली, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ‘वाच. पहिलं नाव काय? पाणी. मी खोटं कुठे बोलले?’ अगं, आणि पुढची दहा नावं? ‘ती वाचायला चष्मा लागतो. तो मी आत्ता आत्ता केला.’

आता बोला! मी मात्र बोलणं टाकलंय तिच्याशी. साफ. आज गेले, एक शब्द बोलले नाही, बोटभर क्रीम घेतलं, लावलं, आले. उद्याही जाणार. डबी घरी आणता आली असती हो... पण मग तिच्याकडे जायला निमित्त काय उरलं असतं?