लॅपटॉपचं कपाळ

हसू नका, पण परवा माझ्याच लॅपटॉपने मला ओळख दाखवली नाही. ऑफिसने दिलेला, नवा कोरा, चेहरा बघून उघडणारा. आदल्या दिवशी ऑफिसात झटक्यात उघडत होता. लालबागला घरी आणला आणि सकाळी, ऐन साहेबांच्या मीटिंगच्या वेळी, ढिम्म! घाईत पिनही आठवेना. आयटीवाल्याला फोन लावला.

"सर, चष्मा काढा."

काढला.

"खिडकीजवळ बसा."

बसलो.

"काल दाढी केलेली होती?"

"हो."

"मग आजही करून बघा."

अरे, खरंच करून आलो! तरी नाही.

"सर, मग चेहऱ्यातच काहीतरी प्रॉब्लेम आहे."

संतापून चष्मा पुन्हा चढवला, तर स्क्रीनच्या वर, बरोब्बर कॅमेऱ्यावर, हळदकुंकवाचं ठसठशीत बोट! घरात नवी वस्तू आली की आई पूजा केल्याशिवाय राहत नाही.

"आई, तिथे कशाला लावलंस?"

"मगे? कुंकू कपाळार नाय लावूचा, तर खंय लावूचा?"

बनियनच्या टोकाने पुसलं. लॅपटॉप लगेच उघडला.

आईने स्क्रीनला हात जोडले. "बघलंस? पूजेचो गुण इलो!"