हळद लागलेला ट्वीटर

मी शीळफाट्याच्या अलीकडची, आगऱ्याची पोर, नाव हिरा. बापसाची भातशेती होती, आता तिथं टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरमधल्या बायका मलाच विचारतात, काकू, तुम्ही इथल्याच का. इथली म्हणजे काय, बाई, तुमची गाडी लागते ना तिथं आमचं खळं होतं. आणि माझी आयस धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी, आमच्यात तिचा मान मोठा, आधी तिचा आवाज आणि मग नवरीला हळद. ती एक ओळ गायची आणि मागच्या बायका ती उचलायच्या, सगळा मांडव गायचा. आता गावात धवलारीण उरली नाय, हळदीला नुसता डीजे.

मी लग्नाआधीपासून डोंबिवलीला एमआयडीसीत जायचे, स्पीकरच्या कंपनीत, कॉइल गुंडाळायला. केसासारखी तार, जरा हात हलला की तुटली. सासू बोलायची, बाईमाणसाला हे कसलं काम, मी बोलायचे, मग पुरुषमाणसाला बसवा, त्याच्याकडनं तार तुटली की मला सांगा. कंपनी बंद पडली तशी घरच्या ओटीवर टेबल टाकलं आणि जुने स्पीकर दुरुस्त करायला घेतले. ठाण्याचे, कल्याणचे लोक जुने लाकडी बॉक्स घेऊन येतात, दोघांनी उचलायचे असले. त्यांचा जाड आवाज काय सांगू तुम्हाला, पोटात उतरतो, आता तसा कोण बनवत नाय. पण बारीक आवाज मेलेला असतो. गिऱ्हाईक बोलतं, उघडून सगळं नवीन टाका. मी बोलते, खबरदार, आतल्याला हात लावायचा नाय. मी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, वेगळ्या छोट्या डब्यात बसवते, डबा बॉक्सच्या डोक्यावर ठेवायचा, वायर मागं जोडायची, मधे एक कंडेन्सर. तो कंडेन्सर जाड आवाज अडवतो आणि बारीक तेवढा सोडतो, नायतर ट्वीटर जळून खाक. जुनं जुन्याच्या जागी राहतं आणि वर नवं बसतं.

हे मी शिकले कशापायी, तर आयससाठी. माझ्या हळदीला ती गायलेली, कोणीतरी कॅसेट भरलेली, पुढं आयस गेली आणि कॅसेट तेवढी राहिली. बापसाच्या जुन्या बॉक्सवर लावायचे तर तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारखा आवाज. धवल्यात तिनं माझं नाव घेतलेलं, हिरा माजी सोन्याची, चौरंगावं बसली. पण ऐकू काय यायचं, ईरा माई ओन्याई. स नाय, च नाय, निव्वळ भो भो. ट्वीटर जोडला आणि पहिल्यांदा तो स आला, सोन्याचा स, आणि मागनं तिच्या बांगड्या. मी पक्कड हातात घेऊन रडत बसले, आमचे हे धावत आले, करंट लागला का गो विचारायला.

तर यंदा माझ्या सानिकाचं लग्न ठरलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हळद लागेल ती तिच्या आजीच्या आवाजात. माझा भाऊ विलास, त्याचाच डीजे, तो हसायला लागला. हिरे, कॅसेट कोण ऐकणार, लोक उठून जातील, माझी इज्जत जाईल. मी बोलले, तुझी इज्जत काय त्या भोंग्यात आहे का रे. मग तो बोलला, बरं, लाव, पण बायकांनी ओळ उचलली नाय तर मी माझं चालू करणार, मग तू तोंड उघडायचं नाय. मी बोलले, कबूल. बोलले खरं, पण बायका धवले विसरलेल्या, शब्द साफ कानावर पडले तरच उचलणार.

हळदीच्या दिवशी बॉक्स मांडवात ठेवले, वर ट्वीटरचे डबे, सगळं तयार, आणि मी साडी बदलायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर फशी मावशी, आयसची धाकटी बहीण, ट्वीटरसमोर उभी आणि अंगठा हळदीनं पिवळा. ट्वीटरला पुढं रेशमी कापडाची फुगीर घुमटी असते, बोराएवढी, तिला बोट लावायचं नसतं. मावशीनं दोन्हीकडं हळद चेपून लावलेली, दोन्ही घुमट्या आत गेलेल्या, म्हणजे बारीक आवाज परत मेला. मी जी ओरडले, मावशे, काय केलंस गो हे! ती बिचारी बोलते, अगो, आक्का गाणार ना आज, मग तिला पहिली हळद नको? राग आला तसा विरघळला, मी मावशीला मिठीच मारली. तिकडं विलास त्याच्या मशीनवर हात ठेवून उभा.

मग मी चिकटपट्टी मागवली. घुमटीवर हलकी चिकटवायची आणि हळूच ओढायची, जोर केला तर कापड फाटतं. कंपनीत तारेवर शिकलेला हात तो, कामाला आला. एक आली, पुक् करून. दुसरीनं दम काढला, शेवटी तीपण आली. हळद मात्र कापडात मुरली ती मुरलीच.

कॅसेट लावली. आयसचा आवाज मांडवात असा स्वच्छ आला की पोरांचे मोबाईल खाली आले. पहिली ओळ गेली, कोण गायलं नाय. मी विलासकडं बघितलंच नाय. दुसऱ्या ओळीला फशी मावशीनं सूर लावला, कापरा, पण लावला, मग तिच्या शेजारणीनं, मग मागच्या सगळ्याजणी. आणि माझ्या नावाची जागा आली तेव्हा, कोणी शिकवलं नव्हतं हो, सगळ्या बायका एकदम बोलल्या, सानिका माजी सोन्याची! सानिकाला हळद लागली आणि विलास, माझा तो दांडगा भाऊ, मशीन सोडून टाळ्या वाजवत होता.

आता तो स्वतः येतो, हिरे, उद्या हळद आहे, आयसला दे. कॅसेट, बॉक्स आणि पिवळे ट्वीटर घेऊन जातो, आधी आयस, मग त्याचा डीजे. ट्वीटर बदलून देते बोलले तर मावशी अंगावर येते. मीपण जाते कधी कधी, मागं उभी राहते. ती जागा आली की बायका त्यांच्या नवरीचं नाव एवढ्या जोरात घेतात की कॅसेटमधलं खालचं माझं नाव कोणाला ऐकू जात नाय. मला जातं. घ्या गो बायांनो, रोज नवीन नाव घ्या, सगळ्या पोरी सुखात नांदू देत, माझी आयस आहे गायला.