दिवसाढवळ्या पडदे

...नाही, तक्रार नाही हो माझी, पण अडतीस डिग्री? आमच्या यॉर्कशरमध्ये? अहो, ज्या गल्लीत मी जून महिन्यात लोकरीचे मोजे घालून कपडे वाळत घालते, आणि ते वाळतही नाहीत, त्या गल्लीत अडतीस! आणि रेडिओवरचा तो मनुष्य काय खुशीत सांगतो, "उद्या मंगळवारी चाळिशी गाठण्याची शक्यता आहे," म्हणजे जसं काही आपला संघ जिंकायचाय! आमचा माल्कम तेव्हा स्वयंपाकघरात बसला होता, भांडी घासायच्या टबात गार पाणी भरून त्यात दोन्ही पाय सोडून, अंगावर फक्त सत्तावीस वर्षांपूर्वी स्पेनला घेतलेली पोहायची चड्डी, आणि मला म्हणतो, "ग्लेनिस, चहा टाक ना." चहा! भिंतीला हात लावला तर चटका बसत होता, आणि याला चहा हवा! टाकला. करते काय? म्हणे गरम प्यायलं की गार वाटतं. नाही वाटलं.

तुम्हाला सांगते, ही आमची घरं उन्हासाठी बांधलेलीच नाहीत. भिंती दुहेरी, खाली जाड गालिचे, छपरात ऊब धरणाऱ्या कापसाचा हा एवढा थर भरलेला, आणि खिडक्यांना आजवर इतके हात रंगाचे दिलेत की वरच्या मजल्यावरच्या निम्म्या चौकटीला चिकटून बसल्यात. सगळा खटाटोप कशासाठी, तर आत आलेली ऊब बाहेर जाता कामा नये! आता आली ऊब. आली आणि बसली. कोपऱ्यावरच्या दुकानातले मलिक, मूळचे पाकिस्तानचे, रविवारी हसत होते मला, "बाई, आमच्या मिरपूरला पंचेचाळीस असतं, तुम्ही लोक एवढ्याशाला घाबरता?" सोमवारी संध्याकाळी बर्फ आणायला गेले तर बर्फ संपलेला, आइसक्रीम संपलेलं, पंखे तर त्यांनी आयुष्यात कधी ठेवलेच नव्हते, आणि स्वतः मलिक फ्रीजरमध्ये मान घालून उभे. हसणं बंद. म्हणाले, "ग्लेनिसबाई, तिकडचं घर उन्हाला बाहेर ठेवतं. इथलं घर त्याला आत घेतं आणि दार लावून बसतं. जपा." मलिकांच्या तोंडून 'जपा' ऐकलं आणि मी पहिल्यांदा खरंच घाबरले.

पण बोलायचं कोणाशी? आमच्याकडे बोलतं कोण? गल्लीत भेटलेला प्रत्येक जण, नाक सोललेलं, मान लालबुंद, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तोंडात एकच वाक्य, "छान ऊन पडलंय, नाही?" आणि आपणही म्हणायचं, "छानच की!" रस्त्याचं डांबर मऊ झालंय, रूळ वाकतील म्हणून गाड्या बंद, कबुतरं आ वासून कुंपणावर बसलीयत, आणि छान ऊन पडलंय! तक्रार नाही हो माझी. तक्रार करायचीच नसते आमच्यात.

तर मिस्टर आर्मिटेज. आमच्या समोरच्या घरात राहतात, वय शहाऐंशी, पोलादाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं भट्टीवर काढलेली. एकतीस वर्षं समोरासमोर राहतोय, मी त्यांना मिस्टर आर्मिटेज म्हणते, ते मला मिसेस ओल्ड्रॉइड म्हणतात, आणि मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. का टाकू? बोलावलं नाही कधी! बायको वारल्यापासून एकटेच. मुलगी हेझल, ती कॅनडात. जाताना मला म्हणाली, "जरा लक्ष ठेवाल ना बाबांकडे?" म्हटलं, ठेवीन की. आणि लक्ष ठेवायचं म्हणजे आमच्या गल्लीत काय, तर पडदे बघायचे. आमच्यात दिवसाढवळ्या पुढच्या खोलीचे पडदे लावलेले असले तर त्याचा अर्थ एकच. घरात कोणीतरी गेलंय. त्यांची बायको गेली तेव्हा सगळ्या गल्लीनं पडदे ओढले होते, शवपेटी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत एकानं उघडला नाही. तर रोज सकाळी साडेसातला मिस्टर आर्मिटेज पडदे सारणार, पावणेआठला मी माझे सारणार, समोर बघणार, उघडे दिसले की झालं, जिवंत आहेत, आता आपण टोस्ट खायला मोकळ्या. अकरा वर्षं हा कारभार बिनबोभाट चाललाय.

आणि आता रेडिओवरचा तो मनुष्य सांगतो काय? दिवसा खिडक्या बंद करा आणि पडदे लावा!

सोमवारी दुपारी गेले मी त्यांच्या दारात. म्हटलं सांगावं. दार उघडलं तर स्वारी टाय लावून, वरती लोकरीचा कार्डिगन, सगळी बटणं लावलेली! म्हटलं, "मिस्टर आर्मिटेज, छान ऊन पडलंय, नाही? ...ते, पडदे लावायला सांगतायत हो दुपारचे." तर मान अशी ताठ केली, आणि त्या खर्जातल्या आवाजात, "मिसेस ओल्ड्रॉइड, मी छत्तीस वर्षं वितळलेल्या पोलादासमोर उभा राहिलोय. मला ऊन शिकवताय?" म्हटलं तसं नाही हो, पण निदान पडदे... "दिवसाढवळ्या पडदे? का? कोण मेलंय?" आणि दार बंद. आपटलं नाही हं, सभ्य माणूस आहे, हळूच लावलं. मीही हट्टी. घरी आले, कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खिडक्या बंद करा. पडदे लावा. पाणी प्या. शेजारीण,' आणि दाराच्या फटीतून आत सरकवून आले. झालं आपलं कर्तव्य!

मंगळवारी पावणेआठला माझे पडदे जरासे बाजूला केले, समोर बघितलं... बंद.

आता सांगा मला. माझं ऐकलं म्हणून बंद, की गेले म्हणून बंद? कसं ओळखायचं? अकरा वर्षांची एक खूण होती, ती मीच माझ्या हातानं घालवली! आणि समोरच्यांचे कसले, सगळ्या गल्लीचे बंद. दोन्ही बाजूंनी, खालपासून वरपर्यंत, भर सकाळी. बाहेर चिटपाखरू नाही, वारा नाही, आकाश पांढरंफटक, आणि ओळीनं घरं डोळे मिटून बसलेली. अंगावर काटा आला हो, त्या उकाड्यात!

"माल्कम," म्हटलं, "समोर जाऊन बघू का?" तर टबातनं म्हणतो, "आणि जाऊन म्हणायचं काय? 'नमस्कार मिस्टर आर्मिटेज, आपण जिवंत आहात का?'" बरोबरच आहे ना! समजा दार उघडलं, टाय-बिय लावून उभे, तर? त्यांना कळणार, की हिला वाटलं मी मेलो. मग पुढची दहा वर्षं रोज तोंड कसं दाखवायचं? काहीतरी निमित्त हवं. साखर मागावी? एवढ्या उन्हात कोण साखर मागतं? फोन लावला. वाजला, वाजला, वाजला. माल्कम म्हणतो, "ते सकाळचा फोन उचलतच नाहीत." मग दुपारची वाट बघितली. नऊ झाले, अकरा झाले. बारा वाजता रेडिओ म्हणाला सदतीस, एक वाजता एकोणचाळीस. तक्रार नाही हो माझी, पण दर पाच मिनिटांनी त्या फटीतनं बघून बघून माझी मान अवघडली, आणि तेवढ्यात दिसलं काय, तर पलीकडच्या मिसेस बोमंटच्या पडद्यालाही एक फट. तिच्या शेजारच्यांच्याही. सगळे बघतायत! सकाळपासून सगळी गल्ली मिस्टर आर्मिटेजच्या खिडकीकडे बघतेय, आणि सगळे वाट बघतायत दुसरं कोणी जातंय का!

उठले. फ्रीजमधलं गार पाणी जगमध्ये घेतलं, निमित्त म्हणून, आणि गेले. रस्ता ओलांडताना चपला डांबराला चिकटत होत्या. दार वाजवलं. काही नाही. दारातली पत्रं टाकायची फट उघडून वाकले, तर आतनं अशी वाफ तोंडावर आली, ओव्हनचं दार उघडल्यावर येते तशी. आणि मी काय ओरडले असेन त्या फटीतनं? लाज वाटते सांगायला. तोंडातनं निघालं, "मिस्टर आर्मिटेज! छान ऊन पडलंय, नाही?"

आत घड्याळाची टिकटिक. बाकी काही नाही.

चावी होती हो माझ्याकडे! हेझलनं दिलेली, पाकिटात घालून, वर मिस्टर आर्मिटेजनी स्वतः गोंद लावून चिकटपट्टी मारलेली आणि लिहिलेलं, 'फक्त आणीबाणीत.' घरी धावले, पाकीट हातात घेतलं, आणि थबकले. "माल्कम, ही आणीबाणी म्हणायची का रे?" माल्कम टबात उभा राहिला. विचार केला. म्हणाला, "तशी अजून नक्की नाही म्हणता येणार." अहो, दोन मिनिटं! पूर्ण दोन मिनिटं आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत उभे होतो, आणीबाणी आहे की नाही यावर चर्चा करत! आज आठवलं की स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते. शेवटी फाडलं, नि चावी आणि जग घेऊन पळाले.

पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. टाय, कार्डिगन, सगळी बटणं. डोळे अर्धे उघडे, तोंड लाल, आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. हात लावला तर कातडी कोरडी आणि तापलेली. खिडक्या कडेकोट बंद, पडदे लावलेले, अगदी मधली दारंसुद्धा लावलेली, आणि मांडीवर माझा कागद. माझा! सांगितलेलं सगळं केलं होतं त्यांनी. एकूण एक. सोमवारी दुपारी लावलेल्या खिडक्या संध्याकाळी गार झाल्यावरही उघडल्या नव्हत्या, कारण उघडायच्या कधी ते मी लिहिलंच नव्हतं!

माझ्याकडे बघून म्हणाले, "एडना, भट्टीचं दार कोणीतरी उघडं टाकलंय. सांग त्यांना." एडना म्हणजे त्यांची बायको. तेव्हा मात्र मला रडूच फुटलं. म्हटलं, "सांगते हो, आत्ता सांगते," आणि पाण्याचा अख्खा जग त्यांच्या डोक्यावर ओतला.

रुग्णवाहिकेच्या फोनवरची मुलगी म्हणाली, गाडीला दोन तास तरी लागतील, आज सगळीकडे हेच चाललंय, कपडे सैल करा, ओलं करा, गार काहीतरी मानेला नि काखेत लावा. मी दारात येऊन बोंब ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा! आणि तुम्हाला सांगते, सगळे पडदे एकदम सरकले, सगळी दारं एकदम उघडली. मिसेस बोमंट गोठवलेल्या मटारची तीन पाकिटं घेऊन धावली, तिच्या शेजारचे गोठवलेल्या माशाच्या कांड्यांचा खोका घेऊन आले, मलिक दुकान उघडं टाकून आले, नि आमचा माल्कम आपला तो टब पाण्यासकट उचलून, त्या चड्डीत, भर रस्त्यातनं! काखेत मटार, मानेखाली मासे, पाय टबात, असे मिस्टर आर्मिटेज, आणि एकतीस वर्षांत ज्यांच्या घरात कोणी पाय ठेवला नव्हता त्यांच्या गालिच्यावर सगळी गल्ली गुडघे टेकून ओले टॉवेल पिळतेय. गाडी सव्वापाचला आली. डॉक्टर नंतर म्हणाले, आत जायला अजून अर्धा तास लागला असता तर संपलं होतं. अर्धा तास! आणि मी पावणेआठपासून निमित्त शोधत होते.

वाचले. काल भेटायला गेले तर उठून बसले होते, चहा पांचट आहे म्हणून नर्सला ऐकवत होते. मला म्हणतात, "मिसेस ओल्ड्रॉइड, तुम्ही पाकीट फाडलंत." म्हटलं, हो, फाडलं. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "जरा आधी फाडलं असतं तरी चाललं असतं." तक्रार नाही हो, असंच म्हणाले, साधं.

आता हवा कशी छान झालीये, नाही? गुरुवारी वारा सुटला, सगळ्यांनी पडदे सारले, खिडक्या उघडल्या, मी तर रंग खरवडून वरचीसुद्धा उघडली. सगळी गल्ली उघडी. फक्त एक घर. खालच्या टोकाचं, हिरव्या दाराचं. त्याचे पडदे अजून बंद आहेत. आज शनिवार. काल कचऱ्याचा डबाही बाहेर आला नाही. एक बाई राहते तिथे, हिवाळ्यात आली राहायला. नाव? नाव नाही माहीत. कोणालाच नाही, मी विचारलं सगळ्यांना. चावी तर कोणाकडेच नाही. माल्कम म्हणतो, सुटीवर गेली असेल. असेलही. मिसेस बोमंट म्हणते, कोणीतरी बघून आलं असेलच की. आलं असेलही.

म्हणून म्हटलं, तुम्ही एवढे इथे बसस्टॉपवर जमलाच आहात, तर कोणी येतं का माझ्याबरोबर? एकटीनं जायचं म्हणजे, जाऊन म्हणायचं काय? दोघी असलो की बरं दिसतं... तुम्ही? नाही, तुमची बस असेल. बरं, तुम्ही?... असे सगळे एकदम खाली काय बघायला लागलात हो?

...बरं. राहू दे. जाते मी एकटीच.

तक्रार नाही हो माझी.