धाकटीच्या बागेतल्या अळ्या

—छे हो, बाक आहे तो बसायलाच, प्रदर्शनातला असला म्हणून काय झालं? बसा खुशाल. चालून चालून इथे सगळ्यांचेच पाय दुखतात. आणि कौतुक-बिवतुक नको हं, आधीच सांगते. दुसऱ्या आलेल्या बागेचं लोक ज्या आवाजात कौतुक करतात ना, तो आवाज सकाळपासून ऐकतेय. पहिली कुठली? ती काय समोर, गर्दी लोटलीय ती. माझ्या धाकट्या बहिणीची. हो, सख्खी, म्हणून तर जास्त झोंबतं. पहिली आलेली बाग नव्या इस्पितळाच्या आवारात कायमची होणार आहे—तिच्या नावाची पाटी लावून.

आता तुम्ही विचारलंतच—नाही विचारलंत? डोळ्यांनी विचारलंत. ऐका मग. ती बाग माझी आहे. रोपं माझ्या रोपवाटिकेतली, ते बारीक अक्षरात लिहिलंय तिथे, पण मुळात कल्पनाच माझी. औषधाचा थेंब नाही, बाहेरचं खत नाही, छपराचं पाणी चरातून डबक्यात, कोपऱ्यात कुजकी लाकडं रचलेली, किड्यामुंग्यांना राहायला. पाखरांनी यावं, बेडकांनी यावं, माणसाने आपलं पाहुण्यासारखं यायचं नि जायचं. जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं मी तिला—मीठदाणी म्हणजे डबकं, चमचा म्हणजे चर. ती मुकाट्याने जेवत होती. गोगलगाय नि पोटात पाय! पुढच्या हंगामात प्रदर्शनाच्या अर्जावर नाव कुणाचं? तिचं. वर मला म्हणते, ताई, कल्पना काय गं, हवेतच असतात. हवेत! नाइलाजाने मी घाईघाईत दुसरी बाग आखली, ही. आणि तिची हिंमत बघा—रोपांची ऑर्डर माझ्याकडेच!

दिली की. हसून दिली. तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही काय, आज आहात उद्या नाही—म्हणजे इथे हो, इथे. नॅस्टर्शियम माहितीये? गोल गोल पानं, नारिंगी फुलं, तिच्या पुढच्या वाफ्यात सगळं तेच. पांढऱ्या फुलपाखरांचा जीव त्या पानांवर, आणि त्यांच्या अळ्या एकदा बाहेर पडल्या की पानांची चाळण करून सोडतात. मी काय केलं, आमचे ट्रे जाळीखाली असतात, ती जाळी वर केली. एवढंच. फुलपाखरांना काय मी बोलावणं धाडलं? मग ट्रे थंड खोलीत. फुलं नेमकी प्रदर्शनातच उमलावीत म्हणून आम्ही रोपं थंडाव्यात ठेवतो ना, तशी पानांमागे घातलेली अंडीही थांबतात. ऐन परीक्षणाच्या सकाळी वाफा खाऊन फस्त, आणि ही बाई तोंड पाडून उभी—खोटं कशाला बोलू, ते चित्र डोळ्यांपुढे आणून आणून मी दिवस काढलेत. गाडी निघाली तेव्हा फाटकात उभी राहून हात हलवत होते मी.

आणि माझी बाग बघा. प्रत्येक पान दुधाच्या पाण्याने पुसलंय, कापसाच्या बोळ्याने. एक भोक दाखवा. नाही ना? परीक्षक आले, फिरले, म्हणाले, 'देखणी आहे, पण इथे कुणी राहत नाही.' आणि समोर? अळ्या लोळत होत्या हो नुसत्या, वाफ्याची चाळण, अगदी मला हवी तशी—आणि तेवढ्यात कुठलंसं पाखरू आलं आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत एक अळी उचलून उडालं. ते म्हातारे परीक्षक टाळ्या पिटायला लागले! म्हणे, अख्ख्या मैदानात ही एकच बाग जिवंत आहे. मी—मी जिवंत केली ती! आणि सांगू कुणाला? काय म्हणून सांगू? कीड मी धाडली होती, बक्षीस मला द्या?

पण असू दे. इस्पितळात बाग लावेल ना, तेव्हा कळेल. तिथे कुठून आणणार अळ्या? माझ्याकडेच रोपं मागेल, मी देईन, जाळीखालची, स्वच्छ. एक पाखरू फिरकायचं नाही. मग येईल माझ्या दारात नाक घासत—ताई, त्या आल्या कशा होत्या गं? सांगते की काय! रडव तिला, रडव, असं मन म्हणतंय माझं. तिला काय ठाऊक, नशिबाने आल्या असंच वाटत असणार. नाहीतर गाडीतून रोपं उतरवतानाच तिला—

उतरवून तिनेच घेतली. माणसांना हात लावू देत नाही ती. एकेक रोप स्वतः बघते, पान उलटं करून, बोट फिरवून. ही सवय लावली कुणी तिला? मीच की. एवढीशी होती तेव्हापासून. पानाची पाठ बघितल्याशिवाय रोप घ्यायचं नाही. आणि अंडी ती, पिवळीधम्मक, झुबक्याने—आंधळ्यालाही दिसतील.

म्हणजे बघितली तिने. बघितली, आणि राहू दिली. आणि मला फोन करून काय म्हणाली—ताई, रोपं पोचली गं, अगदी हवी तशी आहेत.

नाही, काही नाही झालं मला. पाणी नको. ती बघतेय इकडे. हात हलवतेय. तुम्ही उठा आता—उठा म्हणते ना, बाग बंद झाली.